डॅटसन २४०झेड : पुढचा स्ट्रट आखूड करताना

[दृश्य : गाडी लिफ्टवर. कॅमेरा पुढच्या चाकाच्या कमानीत.]

डॅटसन २४०झेड, जपानी स्पोर्ट्स कार. पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट : एका पोलादी नळीत शॉक अब्सॉर्बर, नळीभोवती स्प्रिंग, पायाशी स्टब ॲक्सल, म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो आखूड आस. चाक कोणत्या कोनात उभं राहणार, हे ही नळीच ठरवते.

[दृश्य : जुनं चित्रीकरण. सफारी रॅली, धुळीचे लोट.]

ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली. १९७१ मध्ये एडगर हरमान आणि १९७३ मध्ये शेखर मेहता, दोघंही २४०झेड चालवूनच जिंकले. चाकाकडे लक्ष द्या. खड्ड्यात खोल उतरतं, लगेच कमानीत वर जातं. असल्या रस्त्यावर गाडी टिकते ती या हालचालीवर. गाडी खाली बसवायची हौस असेल तर जरूर बसवावी, पण ही हालचाल शाबूत ठेवून.

[दृश्य : टेबलावर कापलेली स्प्रिंग.]

आणि नेमकी तीच इथे मारली जाते. स्प्रिंगचे वेढे कापले की गाडी ५० मिलिमीटर खाली येते, पण शॉक होता तेवढाच लांब राहतो. उभ्या गाडीतच त्याचा रॉड ५० मिलिमीटर आत गेलेला असतो. मग साध्या गतिरोधकावरही तो बंप स्टॉपवर, म्हणजे हालचालीच्या शेवटी असलेल्या अडसरावर, आदळतो. उपाय एकच : नळी आखूड करायची आणि आत तेवढंच आखूड कार्ट्रिज, म्हणजे नळीत अख्खा उतरणारा बंद शॉक, बसवायचं.

[दृश्य : स्ट्रट सुटा. नळीतून काळं तेल ओतलं जातंय.]

स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबून धरल्याशिवाय वरचा नट सैल करायचा नाही. कॅलिपर, हब, बेअरिंग सगळं उतरवायचं. मूळ शॉकचं तेल नळीतच असतं. ते पूर्ण धुऊन काढायचं, नाहीतर वेल्डमध्ये छिद्रं राहतात.

स्प्रिंग जिच्यावर टेकते ती जुनी वाटी काढताना ग्राइंडर वेल्डवर चालवायचा, नळीवर नाही. नळीला चर पडला तर ती तिथेच कमजोर होते.

[दृश्य : नळीभोवती होज क्लिप, उभी रेघ, हॅक्सॉ.]

किती कापायचं? नवं कार्ट्रिज जितकं आखूड, तितकंच. मोजमाप चुकलंच तर लांबीच्या बाजूने चुकावं. मिलिमीटरभर जास्त राहिली तर तळाशी चकती टाकता येते. जास्त कापली तर वरच्या नटाला आटे पुरत नाहीत. काप वरच्या आट्यांपासून लांब घ्यायचा, उष्णतेने आटे वाकडे होतात. कापण्याआधी उभी रेघ ओढून ठेवायची, म्हणजे ब्रेक होजचा ब्रॅकेट पुन्हा जागेवर येतो. होज क्लिपच्या कडेने पातं चालवलं की काप काटकोनात येतो.

[दृश्य : दोन तुकडे लोखंडी अँगलमध्ये, टिग वेल्डिंगचा निळा उजेड.]

दोन्ही कडांना उतार द्यायचा, म्हणजे वेल्ड मुळापर्यंत जातो. तुकडे अँगलमध्ये घट्ट बांधायचे. आधी समोरासमोर चार टाके, मग गुण्या आणि पट्टी लावून तपासणी. ३०० मिलिमीटर लांबीत ५ मिलिमीटर बाक म्हणजे जवळजवळ एक अंश, आणि तो सगळा कॅम्बरमध्ये, म्हणजे समोरून दिसणाऱ्या चाकाच्या झुकावात, उतरतो. पूर्ण वेल्ड चार भागांत, आलटूनपालटून समोरच्या बाजूने करायचा. पाणी ओतून थंड करायचं नाही. घाईने गार केलेला वेल्ड ठिसूळ होतो.

[दृश्य : लाल रंग पुसून पांढरा फवारा.]

डाय पेनिट्रंट, म्हणजे चिरा दाखवणारा रंग. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली की तिथे चीर आहे. तो वेल्ड उकरून पुन्हा करायचा. हा सांधा सुटला तर चाक हाताबाहेर जातं.

[दृश्य : कार्ट्रिज नळीत सरकतंय.]

वेल्डचा नळीच्या आत आलेला उंचवटा घासून सपाट केला तरच कार्ट्रिज असं सहज उतरतं. सोबत थोडं तेल, कार्ट्रिजची उष्णता नळीपर्यंत पोहोचवायला. वरचा नट पूर्ण आवळल्यावर नट आणि नळीच्या तोंडात एक-दोन मिलिमीटर फट दिसली पाहिजे. फट दिसत नसेल तर नट नळीवर टेकलाय, कार्ट्रिज आत सैल आहे आणि दर खड्ड्याला खडखडणार.

[दृश्य : स्ट्रटच्या पायाशी जाड ठोकळा.]

नळी आखूड झाल्याने खालच्या आर्मचा कोन मात्र सुधारत नाही. गाडी बसली की त्याचं बाहेरचं टोक वर जातं. त्यासाठी स्ट्रट आणि स्टिअरिंग आर्म यांच्यामध्ये साधारण २५ मिलिमीटरचा ठोकळा, तितकेच लांब बोल्ट, आणि रिमच्या आतल्या बाजूला तो घासत नाही ना, याची खात्री. मग अलाइनमेंट : आधी कॅम्बर, मग टो, म्हणजे वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर किती वळलीत ते.