कोरायचं किती, राखायचं किती

एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कवच. आपल्या शरीरात याहून कठीण काही नाही. वजनाच्या ९६ टक्के नुसतं खनिज. पण ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत संपून जातात. मोडलेलं हाड सांधतं, कोरलेलं एनॅमल कधीच भरून येत नाही.

म्हणून सदाशिव पेठेतल्या या दवाखान्यात ड्रिल उचलण्याआधी बराच वेळ नुसतं पाहणं चालतं. दात हवेने कोरडा करायचा, आरसा फिरवायचा, एक्स-रे बघायचा. खुर्चीतल्या कॉलेजच्या मुलीला एकच धास्ती आहे: "रूट कॅनल करावं लागेल?"
"नाही गं. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली नाही. भरून भागेल."

पूर्वी याच दाढेत बराच मोठा खड्डा केला गेला असता. अमेरिकेतले डॉ. ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यांनी दात भरण्याचं शास्त्र बसवलं, तेव्हा शेजारच्या निरोगी खाचाही कोरून घ्याव्यात, म्हणजे तिथे पुढे कीड लागणार नाही, असा नियम होता. त्या काळी तो योग्यच होता. चांदी, म्हणजे अमाल्गम, दाताला चिकटत नाही. ती धरून ठेवायला खड्डा खोल आणि आतून रुंद लागतो. १९५५ साली मायकल ब्युओनोकोर यांनी एनॅमलवर फॉस्फोरिक आम्ल लावून पाहिलं. पृष्ठभाग सूक्ष्म खरखरीत झाला आणि रेझिन, म्हणजे प्लॅस्टिकसारखं भरण, त्यात घट्ट रुतलं. भरण दाताला चिकटू लागलं, तसं पकडीसाठी निरोगी दात कापायचं कारणच उरलं नाही.

आता दाढेकडे नीट बघा. भोवती रबर डॅम, म्हणजे रबराचा पातळ पडदा, ताणून बसवलाय, थुंकीचा थेंबही आत येता कामा नये. खड्ड्याच्या कडा पूर्ण स्वच्छ केल्या आहेत. कीड खोल असेल तर तळाशी, नसेच्या अगदी जवळ, थोडा मऊ थर मुद्दाम ठेवतात. "कीड सगळी काढली ना?" असं प्रत्येक जण विचारतो, आणि हे पटवून देणं फार अवघड जातं. पण वरून भरण घट्ट बसलं की आतल्या जंतूंची रसद तुटते, कीड थांबते. हट्टाने सगळं खरवडलं तर नस उघडी पडते आणि टळू शकणारं रूट कॅनल गळ्यात येतं.

निळं आम्लाचं जेल, जेमतेम पंधरा सेकंद. धुऊन वाळवल्यावर कडेचं एनॅमल खडूसारखं पांढरं दिसतं. मग बाँड, म्हणजे चिकटवणारं द्रव्य, मग काँपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं रेझिनचं भरण. दोन मिलिमीटरहून जाड थर नाही, कारण ते कडक करणारा निळा प्रकाश खोलवर पोचत नाही. शेवटी रंगीत कागद चावायला देऊन उंचवटे घासायचे.

भरलेल्या दाताच्या कडेलाही पुन्हा कीड लागते. साखर खाल्ली की जंतू आम्ल करतात. पीएच (आम्लतेचं माप; आम्ल वाढलं की तो उतरतो) साधारण ५.५ च्या खाली गेला की खनिज विरघळू लागतं. लाळ ते हळूहळू परत आणते, पण तिला सवड हवी. अमृततुल्यात दर तासाला गोड चहा झाला, तर ती सवड मिळतच नाही.

पुढचा पेशंट सहा वर्षांचा. दुधाच्या दातांवर पांढरे डाग आहेत, खड्डा नाही. डॉक्टर ब्रशने फ्लोराइड वार्निश लावतात आणि आईकडे वळतात: "बिस्किटं जेवणाबरोबरच द्या, मधेमधे नको. रात्रीचा ब्रश तुम्ही स्वतः करून द्या. तीन महिन्यांनी दाखवायला आणा."