बेंदराची माती

(कृष्णेचा काठ, मागे आयर्विन पूल)

पावसाळा लागला की सांगलीत जो तो एकच विचारतो : आयर्विनला पाणी किती फूट? १९२९ सालच्या या पुलापाशी ४५ फूट झाले की धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. पाणी उतरलं की बोलणंही थांबतं. मागे राहिलेल्या गाळाकडे कुंभाराखेरीज कुणी बघत नाही. गेल्या उन्हाळ्यापासून आणखी दोघी बघू लागल्यात.

(दोघी घमेल्यात माती भरताना)

एक शाळेत गणित शिकवते, दुसरीचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. पहिलीपासूनच्या मैत्रिणी. यंदाच्या बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, पूजेचे मातीचे बैल घरीच करायचे, एवढ्या हौसेपायी त्या कुंभारवाड्यात आप्पांकडे आल्या. आप्पा म्हणाले, बैल आषाढात; आधी माती मळायला शिका.

(ढेकळं फोडणं, चाळण, भिजवण : जवळून)

वाळलेली ढेकळं बडवायची, चाळायची, भिजत घालायची. मग राख आणि घोड्याची लीद. लीद म्हटल्यावर बाईंनी पदर नाकाला लावला, ते दृश्य आम्ही मुद्दाम ठेवलंय. पण लिदीतला काडीकचरा भट्टीत जळतो, त्या जागी बारीक छिद्रं राहतात. त्यांतून पाणी पाझरतं, वाळतं, म्हणून तर माठातलं पाणी गार.

चाळणीला मात्र पर्याय नाही. आपल्याकडच्या मातीत चुनखडी फार. हरभऱ्याएवढा खडा आत राहिला तरी भट्टीत त्याचा चुना होतो. मग चांगलं भाजलेलं मडकं बाहेर काढून ठेवलं की तो चुना हवेतली ओल ओढून फुगतो आणि मडक्याची कपची उडवतो. विकतच्या पाकीटबंद मातीत ही कटकट नसते. म्हणूनच ती मळून माणूस फारसं शिकत नाही, असं आपलं आमचं मत.

(चाक. निवेदन थांबवावे, चाकाचा आवाज राहू द्यावा.)

आप्पांचं चाक अजून दांड्यानेच फिरतं. गोळा बरोबर मधोमध बसावा लागतो. तळाशी केसभर चूक झाली की वर काठाला ती बोटभर दिसते. कात्रीला सरावलेल्या ताईंचा गोळा लवकर बसला. गणिताच्या बाईंना वर्तुळाचा मध्य सापडेना, आणि त्यावरून मैत्रिणीने त्यांना चिडवायचं अजून सोडलेलं नाही.

"बाई, पाणी लई झालं," आप्पा सांगतात. "आता ती उभी ऱ्हायाची न्हाई. मोडा."

(थापटण्याची लय)

चाकावरून दोऱ्याने कापून घेतलेला माठ जाडजूड असतो. थोडा सुकला की आतून दगडी गुंडा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्याने थापटत जायचं. तशी भिंत पातळ होते, पोट फुगत जातं. अशाच थापटण्याने गोरोबाकाकांनी संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही गोष्ट आप्पांनी काम करता करता सांगितली. समोरच्या दोन डोक्यांबद्दल ते काही बोलले नाहीत.

(भट्टी. धूर.)

रचलेल्या मडक्यांभोवती गोवऱ्या, उसाचं पाचट, वरून मातीचा लेप. सुरुवातीला जाळ मंद, कारण आत उरलेल्या ओलीची एकदम वाफ झाली तर मडकं फुटतं. साधारण ६०० अंशांच्या आसपास मातीच्या घडणीतलंच पाणी निघून जातं. मग ती पाण्यात पुन्हा विरघळत नाही. हवा खेळती राहिली तर मातीतल्या लोहामुळे मडकं लाल, धूर कोंडला तर काळं. भट्टी पेटवली ती रात्री, कॅमेरा पोचला सकाळी. मडकी बाहेर काढताना दोघींचे चेहरे दिसतातच.

(बैल वळणारे हात)

या भागात ज्येष्ठात कर्नाटकी बेंदूर, आषाढात महाराष्ट्रीय. बेंदराचा बैल भाजत नाहीत. पुजून झाला की पाण्यात सोडतात. त्यामुळे चाक नाही, भट्टी नाही, सगळा हाताचा खेळ. पहिल्या बैलांच्या पायांत दोघींनी आधाराला काड्या खुपसल्या. वाळताना माती आटते, काडी आटत नाही. पाय उभे तडकले. आप्पांच्या बैलांचे पाय आखूड आणि जाड का, ते तेव्हा ध्यानात आलं.

(चिंध्या, झुली, गोंडे)

मग दुकानातल्या चिंध्यांचं गाठोडं सुटलं. खणाच्या तुकड्यांच्या झुली, लोकरीचे गोंडे, काळ्या दोऱ्याची मोरकी, कपाळाला बेगड, शिंगांना हिंगूळ. गंमत म्हणजे झुलीला टाके घालतायत गणिताच्या बाई, आणि शिवणाऱ्या ताई शिंगं वळतायत. खणाचा काठ वाया गेला म्हणून एक बारीकसं भांडण झालं, तेही इथे आहे.

प्लास्टरचे रंगीत बैल बाजारात आले तसा आप्पांचा बेंदराचा धंदा बसला; मुलं दुसऱ्या कामाला लागली.

(टोपलीतले बैल, पोरांची गर्दी)

बाईंच्या वर्गातल्या पोरांनी यंदा हे बैल मागून नेले. आणि नवरात्राच्या घटांना हात कमी पडतात म्हणून आप्पांनी दोघींना आत्ताच सांगून ठेवलंय.

"चिंध्या ऱ्हाऊ द्या ताई. येताना चाळण तेवढी आणा, आमची फाटलीया."