सहीवर जाऊ नका

[दृश्य : कोऱ्या कागदावर हळूहळू सरकणारी टोपली, काठावर टेकलेली बोटं]

विणलेली एक छोटी टोपली. व्यास 15 ते 20 सेंटिमीटर. तळातून पेन्सिल आरपार घट्ट बसवलेली, टोक खाली. टोपली कागदावर ठेवायची आणि दोघांनी काठाला बोटं नुसती टेकवायची, दाबायची नाहीत. टोपली सरकू लागली की कागदावर अक्षरं उमटतात. पुष्कळदा ओळ सरळ न जाता गोल गोल फिरते आणि वाचणाऱ्याला कागदच फिरवत बसावं लागतं.

1850च्या दशकातल्या पॅरिसमध्ये मृतात्म्यांशी बोलण्याचं साधन हे असं होतं. मग टोपलीच्या काठावरून 10-15 सेंटिमीटर पुढे येणारी काठी निघाली आणि पेन्सिल तिच्या टोकाला गेली. मग आलं तीन पायांचं इवलंसं टेबल, त्याचा एक पाय म्हणजेच पेन्सिल. फ्रेंचमध्ये लहान फळीला ‘प्लांशेत’ म्हणतात. आपल्याकडचं प्लँचेट ते हेच. मराठी घरांत फळीची जागा वाटीने किंवा नाण्याने घेतली, अक्षरं कागदावर गोलाकार मांडली गेली, नाव मात्र फ्रेंचच राहिलं.

शेवटी लोकांच्या लक्षात आलं की मधलं काहीच नको, पेन्सिल सरळ हातात धरली तरी भागतं.

आणि साधन कुठलंही असो, पहिला प्रश्न ठरलेला : कोण आलंय? उत्तरादाखल खाली सही येते. कधी आजोबांची, कधी एखाद्या संताची, कधी थेट नेपोलियनची. घोटाळा सुरू होतो तो या सहीपासून.

[दृश्य : जुनं पॅरिस, पाले-रॉयालच्या कमानी]

इपोलीत लेओं देनिझार रिव्हाय. जन्म 1804, लियों. स्वित्झर्लंडच्या इव्हेर्दोंमध्ये पेस्टालोझींच्या शाळेत शिकलेला, पुढे स्वतः शिक्षक, व्याकरण आणि अंकगणिताची शालेय पुस्तकं लिहिणारा. फिरत्या टेबलांचं वेड युरोपभर पसरलं तेव्हा तो त्यात नव्हता. इंग्लंडात मायकेल फॅरडे यांनी 1853मध्येच दाखवून दिलं होतं की टेबल फिरवणारा जोर बसलेल्यांच्या हातांतूनच येतो, त्यांच्याही नकळत. रिव्हाय पहिल्यांदा अशा बैठकीला गेला तो 1855च्या मे महिन्यात, वयाच्या पन्नाशीत. त्याला टेबलापेक्षा उत्तरांत रस वाटला. प्रश्नांच्या याद्या करायच्या, तेच प्रश्न वेगवेगळ्या माध्यमांना, म्हणजे ज्यांच्यामार्फत आत्मे बोलतात असं मानलं जातं त्या माणसांना, विचारायचे, उत्तरं शेजारी शेजारी ठेवून पाहायची, अशी त्याची शाळामास्तरी पद्धत. त्यातून 18 एप्रिल 1857 रोजी ‘आत्म्यांचं पुस्तक’ आलं. लेखकाच्या जागी त्याने घेतलेलं टोपणनाव होतं, अॅलन कार्देक. ‘स्पिरिच्युअलिझम’ या जुन्या विचारापासून आपला विचार वेगळा ओळखता यावा म्हणून त्याने नवा शब्दही घडवला, स्पिरिटिझम. 1 एप्रिल 1858ला पॅरिसमध्ये संस्था उभी राहिली आणि जानेवारी 1861मध्ये ‘माध्यमांचं पुस्तक’ प्रसिद्ध झालं. या विषयावर आजही पहिल्यांदा हातात घ्यावं असं पुस्तक हेच, कारण त्याचा मोठा भाग आत्म्यांना बोलवावं कसं यापेक्षा त्यांच्याकडून फसू नये कसं, यावर आहे.

त्यामागचा विचार साधा आहे. माणूस मेला म्हणून शहाणा होत नाही. देह सुटतो, स्वभाव सुटत नाही. इथे बढाया मारणारा तिथेही बढायाच मारतो. कार्देकने आत्म्यांच्या तीन श्रेणी आणि दहा वर्ग सांगितले. सर्वांत खालचा दहावा वर्ग दुष्टांचा. पण माध्यमाला खरा उपद्रव होतो तो त्याच्या वरच्या दोघांचा. नववा वर्ग थिल्लर, खोडकर आत्म्यांचा. विचाराल त्याचं उत्तर देतील, खरं-खोटं त्यांच्या गावी नसतं. आठवा वर्ग अर्धवट विद्वानांचा. त्यांना थोडंफार कळतं, पण आपल्याला फार कळतं असं ते समजतात, आणि मोठमोठ्या शब्दांत खऱ्यात खोटं बेमालूम मिसळून देतात. दुष्ट आत्मा भाषेवरून लगेच ओळखू येतो. हा आठव्या वर्गातला ओळखू येत नाही, म्हणून जास्त सांभाळायचं ते याला.

[दृश्य : टेबलावर कागद, हलक्या हाताने धरलेली पेन्सिल]

लिहिणारं माध्यम तयार होतं कसं? कागद-पेन्सिल घेऊन लिहायच्या तयारीत बसायचं. हाताला किंवा मनगटाला कशाचाही अडथळा नको, पेन्सिलीचं टोक कागदाला जेमतेम लागलेलं. रोज 10 ते 15 मिनिटं, त्याहून जास्त नाही. पंधरवडा, महिना, दोन महिने, कधी त्याहूनही जास्त. पहिली खूण म्हणजे हातात शिरशिरी येते, मग रेघोट्या, मग अक्षरं.

हात कसा चालतो त्यावरून प्रकार पडतात. यांत्रिक माध्यमाचा हात आपोआप चालतो, काय लिहिलं जातंय हे त्याला लिहून झाल्यावर कळतं. अंतःस्फूर्त माध्यमाला विचार आधी सुचतो, मग हात लिहितो. दोन्हींच्या मधला तो अर्ध-यांत्रिक. अंतःस्फूर्त माध्यमाची अडचण उघड आहे : सुचलेलं आपलं की दुसऱ्याचं? कार्देक इथे काही झाकून ठेवत नाही. माध्यमाचा स्वतःचाच आत्मा बोलत असू शकतो, असं तो स्पष्ट लिहितो. म्हणजे कागदावरच्या मजकुराला तीन उगम संभवतात : चांगला आत्मा, फसवा आत्मा, किंवा माध्यम स्वतः. सही तिन्हींत सारखीच दिसते.

ज्यांनी या वाटेला जाऊ नये त्यांचीही नोंद त्याने केली आहे. लहान मुलांमध्ये ही शक्ती मुद्दाम जागवू नये. मन अस्थिर असेल, वेडाची थोडीशी जरी शक्यता असेल, तर बैठकीपासून दूरच राहावं. आणि थकवा आला की माध्यमाने थांबावं. सुट्टीतल्या मुलांनी रात्री वाटी फिरवण्याचा खेळ मांडण्याबद्दल स्पिरिटिझमच्या जाणकारांचं मत काय असेल, ते यावरून ओळखता येतं.

[दृश्य : एकाच कागदावर एकावर एक गिरवलेली वाक्यं]

फसवा आत्मा चिकटून बसला की त्याला स्पिरिटिझममध्ये बाधा म्हणतात. तिच्या तीन पायऱ्या आहेत. मराठीत नेमके शब्द सापडतात : पिच्छा, भुरळ, ताबा.

पिच्छा म्हणजे तोच आत्मा पुन्हा पुन्हा घुसतो, दुसऱ्या कुणाला बोलू देत नाही. माध्यमाला मात्र आपण कुणाच्या तावडीत आहोत हे कळत असतं. त्रास होतो, धोका कमी. एखाद्या वेळी फसगत झाली म्हणजे बाधा झाली असंही नव्हे. चांगल्यात चांगलं माध्यम सुरुवातीला फसतंच.

ताब्याचं एक उदाहरण कार्देकने दिलंय ते विसरता येत नाही. तारुण्य ओसरलेला, दिसायलाही साधारण असा एक गृहस्थ. जिच्याबद्दल त्याच्या मनात काहीच नव्हतं अशा तरुणीपुढे त्याला गुडघे टेकून लग्नाची मागणी घालायला भाग पडे. कधी पाठीवर आणि गुडघ्यांमागे असा दाब येई की भर रस्त्यात, माणसांच्या गर्दीत त्याला खाली बसून जमिनीचं चुंबन घ्यावं लागे. ओळखीचे त्याला वेडा समजत. तो वेडा नव्हता, आपल्या हातून काय हास्यास्पद घडतंय हे त्याला पुरतं कळत होतं आणि त्याचाच त्याला छळ होत होता. आपण अशाला ‘अंगात आलंय’ म्हणू. या पुस्तकात कार्देकला तो शब्द मान्य नाही. एका देहात दोघं राहू शकत नाहीत, बाहेरून जबरदस्ती होते इतकंच, असं त्याचं म्हणणं. मुळातच दुष्ट म्हणून जन्माला घातलेली भुतं त्याच्या विचारात नाहीतच.

पण सर्वांत घातक आहे ती मधली, भुरळ. ताब्यातल्या माणसाला आपण अडकलोय हे ठाऊक असतं. भुरळ पडलेल्याला नाही. सगळ्यांना विसंगती दिसते, त्याला त्यात गहन अर्थ दिसतो. विद्वान माणसंही यातून सुटत नाहीत. आत शिरायची वाट एकच, अहंकार. म्हणून फसवा आत्मा आधी स्तुती करतो : तुझी निवड झाली आहे, तुझ्याकडे मोठं कार्य आहे. मग ‘देव’, ‘दया’, ‘प्रेम’ हे शब्द सढळ हाताने वापरतो. आणि तिसरं काम करतो ते नीट ध्यानात ठेवायला हवं : जो माणूस चूक दाखवू शकेल त्याच्यापासून माध्यमाला तोडतो. ‘ते लोक तुझ्यावर जळतात’, असं कागदावर उमटू लागलं की समजावं.

खुणा अशा. एकच आत्मा हट्टाने येत राहणं. माध्यमाला आत्म्याचा शब्द न् शब्द खरा वाटणं. टीका झाली की चिडणं. वेळी-अवेळी लिहिण्याची ओढ, नको असतानाही हात चालणं. आपल्या वर्तुळातल्या माणसांना टाळणं.

[दृश्य : कागदाच्या तळाशी ठसठशीत सही, कॅमेरा हळूहळू वरच्या मजकुराकडे]

मग पारख करायची कशी? नाव झाकायचं आणि मजकूर वाचायचा. एखाद्या चारित्र्यवान, विचारी माणसाने हे लिहिलं असतं का, एवढंच विचारायचं. चांगला आत्मा थोडक्यात बोलतो. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणतो. तो आज्ञा देत नाही, सल्ला देतो, आणि ऐकलं नाही तर निघून जातो. फसवा हुकूम सोडतो. अमुक तारखेला अमुक घडेल असं ठामपणे सांगणं ही तर फसवणुकीची हमखास खूण. हात झटके देत, पेन्सिल मोडत, कागद फाडत चालत असेल तर तीही वाईट खूण.

पैशाचा विषय निघाला की बैठक तिथेच थांबवावी. गुप्तधन कुठे पुरलंय, हा प्रश्न पॅरिसमध्येही विचारला जात होता. पुस्तकातलं उत्तर सरळ आहे : वरच्या श्रेणीचे आत्मे असल्या गोष्टींत पडत नाहीत, आणि थट्टेखोर आत्मे नसलेल्या धनाच्या जागा आनंदाने दाखवतात. आपल्याकडे गुप्तधनापायी काय काय झालं आहे हे महाराष्ट्राला सांगायला नको.

कार्देकच्या पुस्तकाच्या शेवटी बनावट संदेशांचे नमुने दिलेले आहेत. येशू, बोनापार्ट अशी नावं खाली, आणि वर पोकळ, फुगीर भाषा. शिक्षक जसा चुकीचा निबंध फळ्यावर लिहून दाखवतो तसे त्याने ते छापले. आमच्या मते पुस्तकातली सर्वांत उपयोगी पानं ती हीच. त्याच पुस्तकात इरास्त नावाच्या आत्म्याचं वचन आहे : दहा सत्यं नाकारलेली परवडली, पण एकही असत्य पदरात घेऊ नये.

नाकारायचं कशाच्या बळावर? आधी तर्काच्या. त्यापुढची कसोटी 1864मध्ये मांडली गेली. एकमेकांना न ओळखणाऱ्या, वेगवेगळ्या गावच्या माध्यमांकडून तेच उत्तर आपणहून आलं, तरच ते शिकवण म्हणून धरायचं. त्या वेळी सुमारे एक हजार केंद्रांकडून मजकूर येत असल्याचं कार्देक सांगतो. एका माध्यमाचा, एका आत्म्याचा शब्द म्हणजे एक मत, त्यापलीकडे काही नाही.

बाधा झालीच तर? पिच्छ्यावर इलाज चिकाटीचा. आपण फसलेलो नाही हे त्या आत्म्याला दाखवून द्यायचं आणि त्याच्याहून जास्त धीर धरायचा. वाईट आत्मा ओळखला की लिहिणं लगेच बंद, कारण लिहीत राहणं म्हणजे त्याच्याशी गप्पा मारणं. मंत्र, ताईत, धुपारे यांचा उपयोग शून्य. भुरळ उतरवणं फार अवघड, कारण रुग्ण स्वतःला रुग्ण मानत नाही, त्याला आधी पटावं लागतं. ताब्यातल्या माणसाची इच्छाशक्तीच लुळी पडलेली असते, म्हणून तिथे दुसऱ्या कुणीतरी जोर लावावा लागतो. आणि प्रत्येक विचित्र वागणं म्हणजे बाधा नव्हे, आजारही असतो, हेही पुस्तकात स्पष्ट आहे. औषध बंद करा असं सांगणारा संदेश आला तर तो कागद फाडावा आणि डॉक्टरांकडे जावं.

[दृश्य : ब्राझीलमधलं एक साधं केंद्र, पांढऱ्या भिंती, लांब टेबल]

फ्रान्समध्ये हा विचार मागे पडला. त्याने घर केलं ते ब्राझीलमध्ये. तिथला स्पिरिटिस्ट महासंघ 1884पासूनचा. 2010च्या जनगणनेत सुमारे 38 लाख लोकांनी स्वतःला स्पिरिटिस्ट म्हणवलं. तिथलं सर्वांत मोठं नाव चिको शाव्हियेर, 1910 ते 2002. हाताने 400हून अधिक पुस्तकं लिहिली, मानधन स्वतःसाठी घेतलं नाही. माध्यमाने पैसे घ्यायचे नाहीत, हा तिथला नियम; पैसा मागणाऱ्याच्या सहीकडे पाहायचीही गरज नाही. 1931मध्ये भेटलेल्या इमानुएल या मार्गदर्शक आत्म्याने शाव्हियेर यांना बजावलं होतं, ते तिथे सगळ्यांना पाठ आहे : मी कधी येशू आणि कार्देक यांच्याविरुद्ध बोललो तर त्यांच्याबरोबर राहा आणि मला विसरून जा.

बाधा सोडवण्याची बैठक तिथे प्रेक्षकांसाठी खुली नसते. माणसं मोजकीच, चौदापेक्षा जास्त नाहीत. ठरलेला वार, ठरलेली वेळ, उशिरा येणाऱ्याला प्रवेश नाही. आधी थोडं वाचन, मग प्रार्थना, दिवा मंद. माध्यमाच्या तोंडून आत्मा बोलू लागला की एकच जण त्याच्याशी संवाद करतो, तोही न रागावता, न धमकावता. त्याला हाकलून लावायचं नसतं. तो दुःखात आहे असं धरून त्याची समजूत घालायची असते. चिडलेल्या आत्म्यावर चिडलं की तोच जिंकला.

शेवटची प्रार्थना होते, दिवे उजळतात, पेल्यांतून सगळ्यांना पाणी दिलं जातं. मग बैठकीत लिहिले गेलेले टेबलावरचे कागद गोळा होतात. ज्याने लिहिले तो वाचत नाही, दुसराच कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवतो. सगळे मजकुरावर बोलतात, माध्यम ऐकून घेतं. काही कागद जपून ठेवले जातात, काही बाजूला टाकले जातात, त्यांच्याखाली कुणाचीही सही असली तरी.