चाव्या कुणाच्या हातात?

श्रोतेहो, नमस्कार.

मी व्यवसायांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. पण अलीकडे माझ्याकडे येणारी बरीचशी कामं कुणीतरी अर्धवट सोडलेली असतात. समोर बसलेला व्यावसायिक थकलेला असतो, पैसे खर्चून झालेले असतात, ठरलेली तारीख केव्हाच उलटलेली असते. मी विचारतो, "कोड कुठे आहे?" उत्तर येतं, "त्यांच्याकडे." "सर्व्हरचा पासवर्ड?" "तोही त्यांच्याकडेच." "आणि डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कुणाच्या नावावर घेतलंय?" इथे मात्र माणूस गप्प होतो, कारण हा प्रश्न त्याच्या मनात तोपर्यंत कधी आलेलाच नसतो.

हे इतक्या वेळा पाहिलंय की आता कुणी मला विचारलं, "चांगला डेव्हलपर कसा निवडायचा?" तर मी उलट्या टोकापासून सुरुवात करतो. तो उद्या निघून गेला तर तुमचं काम चालू राहील का? चांगली माणसंही जातात. आजारी पडतात, दुसरीकडे नोकरी धरतात, कंपनी बंद करतात. ज्याच्या जाण्याने तुमचा धंदा अडणार नाही, अशा माणसाबरोबर काम करणंही सोपं जातं. कारण एकदा सगळं त्याच्या हातात गेलं की अडला हरी गाढवाचे पाय धरी, अशी गत होते, आणि मग तुम्ही त्याला चूकसुद्धा दाखवू शकत नाही.

पण निवडीपर्यंत येण्याआधी एक काम तुमचं स्वतःचं आहे. आज तुमच्याकडे काम कसं चालतं, ते साध्या भाषेत पानभर लिहून काढा. ऑर्डर कोण घेतं, ती कुठे लिहिली जाते, तिथून कुणाकडे जाते, आणि नेमकी कुठे अडकते. "आम्हाला एक अ‍ॅप हवंय" एवढ्यावर कुणालाही भेटायला जाऊ नका. हे पान वाचून एखादा डेव्हलपर म्हणेल, "याला नवं काही बनवायची गरज नाही, बाजारात तयार सॉफ्टवेअर मिळतं, ते वापरून बघा." त्या माणसाचा फोन नंबर जपून ठेवा. हातचं काम सोडून त्याने तुम्हाला खरं सांगितलंय.

पहिल्या भेटीत उत्तरांपेक्षा तो काय विचारतो, याकडे लक्ष द्या. समजा तुम्हाला ऑर्डर आणि बिलांसाठी काही बनवायचंय. ज्याने असं काम मनापासून केलंय तो विचारेल: ग्राहकाने अर्धीच ऑर्डर रद्द केली तर? बिल निघून गेल्यावर दर बदलला तर जुन्या बिलावर कोणता दर दिसायला हवा? शेवटचा एकच नग उरलाय आणि दोघांनी तो एकाच क्षणी विकला तर? इंटरनेट बंद पडलं तर काउंटरवरच्या माणसाने काय करायचं? असे प्रश्न ऐकून पहिल्यांदा थोडा वैताग येतो, कारण त्यांची उत्तरं आपल्याकडेही तयार नसतात. पण सॉफ्टवेअरमधली खरी मेहनत याच आडवळणांमध्ये असते. सगळं सुरळीत चाललेलं असताना काय घडावं, ते कुणीही लिहू शकतो.

याउलट दहा मिनिटांत "होऊन जाईल" म्हणून छातीठोक रक्कम सांगणारा भेटला, तर सावध व्हा. बॅरी बोहेम या अभ्यासकाने १९८१ मध्ये मांडलेलं एक निरीक्षण आहे. काम नुसतं कल्पनेत असताना केलेला अंदाज प्रत्यक्षापेक्षा चौपट जास्त किंवा चौपट कमी निघू शकतो. गरजा जसजशा स्पष्ट होतात, तशी ही तफावत आकसत जाते. म्हणून "आधी थोडा अभ्यास करू द्या, त्याचे वेगळे पैसे द्या, मग पूर्ण आकडा सांगतो," असं म्हणणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो.

आणखी एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अगदी असंच काम आम्ही आधी केलंय." अनुभव हवाच, त्याबद्दल दुमत नाही. पण तिथे लगेच विचारा, "आमचं काम त्या कामापेक्षा कुठे वेगळं आहे?" ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे युरोपीय रॉकेट पहिल्यांदा झेपावलं आणि साधारण ४० सेकंदांत नष्ट झालं. दिशा आणि वेग सांगणाऱ्या यंत्रणेतलं सॉफ्टवेअर आधीच्या एरियान ४ वरून आणलं होतं. तिथे ते नीट चाललेलं होतं. नव्या रॉकेटचा आडवा वेग मात्र जास्त होता. ती संख्या ६४ बिटांच्या मोठ्या जागेतून १६ बिटांच्या लहान जागेत बसवताना मावली नाही आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेतही तेच सॉफ्टवेअर होतं, त्यामुळे तीही गेली. कळवळून सांगावंसं वाटतं ते पुढे आहे: गणिताचा तो भाग उड्डाणानंतर एरियान ५ ला लागतच नव्हता. जुन्या कामातून तो तसाच सोबत आला होता. तुमच्या धंद्यात रॉकेट नसेल, पण दुसऱ्याच्या धंद्यासाठी लिहिलेला कोड नाव बदलून तुमच्या गळ्यात पडू शकतो.

जुन्या ग्राहकांशी बोलायला मिळालं तर "माणूस कसा आहे?" असं विचारू नका, सगळे "चांगला आहे" म्हणतात. विचारा, "काही बिघडलं होतं तेव्हा तुम्हाला कसं कळलं? त्याने सांगितलं, की तुमच्या ग्राहकाने?" शक्य असेल तर दोन-तीन वर्षांपूर्वी काम संपलेल्या ग्राहकाला गाठा. नव्या सॉफ्टवेअरचं कौतुक सगळेच करतात. आणि एजन्सीकडे जात असाल तर भेटीला आलेला माणूसच कोड लिहिणार आहे का, हे विचारून घ्या. बहुतेकदा तो लिहिणार नसतो. जो लिहिणार आहे त्याच्याशी अर्धा तास बोलल्याशिवाय होकार देऊ नका.

इतकं करूनही खरी पारख कामातच होते. म्हणून पूर्ण काम देण्याआधी त्यातला एक छोटा, खरोखर वापरता येईल असा तुकडा द्या. त्याचे पैसे द्या. फुकट नमुना मागणं मला अन्याय वाटतो. मग बघत राहा. उशीर होणार असेल तर तो तारखेच्या आधी सांगतो का? तोंडी ठरलेलं लगेच लिहून पाठवतो का? डेमो तो स्वतः चालवून दाखवतो, की माऊस तुमच्या कर्मचाऱ्याच्या हातात देतो? आणि तुम्हाला कोड वाचता येत नसेल, तर त्या तुकड्याचा कोड एखाद्या तिसऱ्या, तटस्थ डेव्हलपरला तासभर पैसे देऊन वाचायला लावा. त्या तासाइतका फायद्याचा खर्च या सगळ्या व्यवहारात दुसरा नाही.

आता चाव्या, म्हणजे कोड आणि खात्यांचा ताबा. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट नावाची व्यवस्था बनवली, आज बहुतेक डेव्हलपर तीच वापरतात. कोडमधला प्रत्येक बदल कुणी, केव्हा केला, ते तिच्यात नोंदलेलं राहतं. ही नोंदवही, म्हणजे रिपॉझिटरी, पहिल्या दिवसापासून तुमच्या व्यवसायाच्या खात्यात उघडा आणि डेव्हलपरला त्यात पाहुणा म्हणून बोलवा. डोमेन, सर्व्हर, अ‍ॅप स्टोअरचं खातं, पेमेंट गेटवे म्हणजे ऑनलाइन पैसे घेण्याची सेवा, मेसेज पाठवण्याची सेवा, हे सगळं तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर असू द्या. "नंतर ट्रान्सफर करून देतो" हे काम मागे पडत जातं आणि नेमकं भांडणाच्या दिवशी आठवतं.

"पैसे मी दिले, म्हणजे कोड माझा," हाही एक मोठा गैरसमज आहे. बाहेरच्या कंत्राटदाराने लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट अनेक देशांत लेखी हस्तांतरण होईपर्यंत लिहिणाऱ्याकडेच राहतो. म्हणून करारात तशी स्पष्ट ओळ हवी. कोणत्या लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेले तयार कोडचे भाग, वापरल्या आणि त्यांचे परवाने काय आहेत, याची यादीही मागा.

बॅकअपबद्दल सगळेच "आहे" म्हणतात. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या इतरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत एका अभियंत्याने चुकून खऱ्या डेटाबेसच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला. डेटा परत आणायला गेले तेव्हा लक्षात आलं की बॅकअपच्या अनेक व्यवस्था असूनही त्यातली एकही धड चालत नव्हती. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. कंपनीने हे सगळं जगापुढे उघडपणे लिहिलं, याचा मला आदर वाटतो. तुम्ही डेव्हलपरला एवढंच सांगा: "बॅकअपमधून सगळं पुन्हा उभं करून माझ्यासमोर दाखव." हे दर काही महिन्यांनी करायचं, आणि करारातही लिहायचं.

हे सगळं मागताना आपली बाजूही सांभाळा. ठरलेला तुकडा चालू झाला की त्याचे पैसे त्याच आठवड्यात द्या. निर्णय देणारा माणूस तुमच्याकडून एकच असू द्या. रोज एक नवी कल्पना घेऊन जाऊ नका. आणि काम लांबलं म्हणून "आणखी चार माणसं लावा" असा हट्ट धरू नका. आयबीएमच्या संगणकांसाठीच्या ओएस ३६० या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रचंड कामाची धुरा वाहिलेले फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की लांबलेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसं वाढवली की ते आणखी लांबतं. नव्यांना समजावण्यात जुन्यांचेच दिवस जातात.

काही महिन्यांपूर्वी असंच एक अर्ध्यावर थांबलेलं काम माझ्याकडे आलं. आधीच्या डेव्हलपरला तब्येतीमुळे ते सोडावं लागलं होतं. मी नेहमीचा प्रश्न विचारला, "कोड कुठे आहे?" त्या बाईंनी शांतपणे लॅपटॉप उघडला, मला त्यांच्या खात्यात प्रवेश दिला, आणि पाच मिनिटांत सगळं माझ्यासमोर होतं. सर्वांत वर एक फाइल होती: "नव्याने येणाऱ्यासाठी". सॉफ्टवेअर कसं सुरू करायचं, काय राहिलंय, कोणता निर्णय का घेतला, सगळं त्यात नीट लिहिलेलं. शेवटी एक ओळ होती: "परताव्याचा हिशोब मी घाईत लिहिला आहे. कृपया तो आधी तपासा." त्या माणसाला मी कधी भेटलो नाही. मी परताव्याच्या हिशोबापासूनच सुरुवात केली, आणि तिसऱ्या दिवशी त्या बाईंचं काम पुन्हा सुरू झालं.

नमस्कार.