पाठमोरा पुतळा

श्रोतेहो, नमस्कार.

मुलं अमेरिकेत असलेले आईवडील आता सोलापुरात गल्लोगल्ली भेटतात. सात रस्ता असो की जुळे सोलापूर, संध्याकाळी कट्ट्यावर बसलं की कुणाचा व्हिसा झालेला असतो, तर कुणाच्या घरी बॅगांचं वजन चाललेलं असतं. चादरी दोन न्यायच्या की तीन, शेंगाचटणी कुठल्या बॅगेत टाकायची, कडक भाकरीचा चुरा तर होणार नाही ना, यावर तासन् तास बोलणं होतं. तिकडे बघायचं काय, हे मात्र मुलांवर सोपवलेलं. आज मी तिथल्या एकाच जागेबद्दल बोलणार आहे. न्यूयॉर्कच्या बंदरातला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा.

माझी मुलगी न्यू जर्सीत, जर्सी सिटीला राहते. तिथल्या लिबर्टी स्टेट पार्कच्या काठावर उभं राहिलं की पुतळा दिसतो, पण पाठमोरा. वर्षानुवर्षं तिनं आणि जावयांनी ती पाठच पाहिली होती. बोटीत बसून पलीकडे जाणं काही झालं नव्हतं. "आई, तुम्ही दोघं आलात की जायचं म्हणून ठेवलं होतं," ती म्हणाली. तिच्या ओळखीतल्या बऱ्याच मराठी घरांत हेच. पाहुणे आले की जायचं, फोटो काढायचे आणि उन्हं उतरायच्या आत घरी यायचं. नोकरीची धास्ती, व्हिसाचे कागद, पोरांच्या शाळा यात त्यांचा जीव किती मेटाकुटीला येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तरीही माझं सांगणं आहे की, परक्या मुलखात बिऱ्हाड मांडलं की पहिल्या वर्षातच तिथं जाऊन यावं. पाहुण्यांची वाट बघू नये. ती जागा आपल्या मुलांसारख्यांचीच आहे, बाहेरून येऊन राहिलेल्यांची.

पुतळ्याचं तोंड आग्नेयेला, बंदराच्या मुखाकडे आहे. समुद्रावरून येणाऱ्या जहाजांना चेहरा दिसावा अशी ती मांडणी. आपली मुलं विमानानं उतरतात आणि मागच्या बाजूला राहायला जातात, मग चेहरा दिसणार कधी?

न्यू जर्सीकडून निघालेली बोट आधी एलिस बेटाला लागते. पुष्कळ जण तिथं उतरतच नाहीत, पुढच्या पुतळ्याची घाई असते. कृपा करून उतरा. १८९२ ते १९५४ या काळात सुमारे १ कोटी २० लाख माणसं या बेटावरून अमेरिकेत शिरली. पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांची तपासणी जहाजावरच उरकायची. इथं आणायचे ते तिसऱ्या वर्गाचे, गोरगरीब. ते जिना चढत असताना डॉक्टर वरून नुसते बघत उभे असायचे. धाप लागतेय का, पाय ओढत चाललाय का. शंका आली की अंगातल्या कोटावर खडूनं एक अक्षर. हृदयासाठी एच, डोळ्यांसाठी ई, लंगडणाऱ्यासाठी एल. एका अक्षरानं माणूस बाजूला काढला जायचा आणि बायकापोरं दुसऱ्या रांगेत उभी राहायची. त्या मोठ्या दालनात उभं राहून माझी मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मुंबईला व्हिसाच्या रांगेत ती स्वतः उभी राहिलेली आहे.

खाली तळमजल्यावर त्या लोकांचं सामान रचून ठेवलंय. पेटारे, वेताच्या टोपल्या, दोरीनं आवळलेली गाठोडी. आमच्या ह्यांचं आयुष्य यंत्रमागावर गेलं. हे त्या गाठोड्यांपुढून हलेनात. "दोरी बघ कशी फिरवलीय," एवढंच म्हणत राहिले. आपल्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरांचे आजे-पणजे तेलंगणातून सोलापुरात आले, विणकाम हाताशी घेऊन आले आणि हे गाव त्यांनी कापडाचं गाव केलं. परगावाहून येऊन रुजणं म्हणजे काय, हे सोलापूरकराला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या मुलांना माहीत असायलाच हवी. हे दार सगळ्यांना उघडं नव्हतं. १९१७ च्या कायद्यानं आशियाचा मोठा भाग बंदी घातलेला प्रदेश ठरला आणि त्यात हिंदुस्थान होता. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला की, भारतीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही. थिंद अमेरिकेच्या सैन्यात राहिलेले होते, तरीही. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, वर्षाला फक्त १०० भारतीय. खऱ्या अर्थानं वाट मोकळी झाली ती १९६५ च्या कायद्यानं. आज जर्सी सिटीत भारतीय दुकानांची रांगच्या रांग दिसते, ती त्यानंतरची. हे सांगताना मला राग येतो आणि तो यावा असंच मला वाटतं.

आता पुतळा. पुढच्या, पुतळ्याच्या बेटावर उतरून वळसा घातला की चेहरा समोर येतो. मूळचा तांबूस रंग, आता पूर्ण हिरवा. बाहेरचा तांब्याचा पत्रा जेमतेम २.४ मिलिमीटर जाडीचा, हातोडीनं ठोकून आकाराला आणलेला. शिल्पकार बार्तोल्दी, आतला लोखंडी सांगाडा गुस्ताव्ह आयफेल यांचा. १९०६ मध्ये पुतळा रंगवायचा घाट घातला गेला होता, पण लोकांनी विरोध केला. तो हिरवा थरच खालच्या तांब्याचं रक्षण करतो, असं तपासणीत दिसलं आणि बाहेरून रंग लागला नाही. पायाशी तुटलेली साखळी आहे, ती खालून दिसत नाही. 

मला सगळ्यात भिडला तो चौथरा. पुतळा फ्रान्सकडून भेट आला, चौथऱ्याचा खर्च अमेरिकेनं करायचा होता आणि पैसे संपले. तेव्हा जोसेफ पुलित्झर यांनी १८८५ मध्ये आपल्या वर्तमानपत्रातून लोकवर्गणी मागितली. हे गृहस्थ स्वतः हंगेरीतून आलेले. देणाऱ्या प्रत्येकाचं नाव छापू, असं त्यांनी जाहीर केलं, मग रक्कम कितीही लहान असो. १ लाख २० हजारांहून अधिक लोकांनी पैसे दिले, बहुतेकांनी एका डॉलरहूनही कमी. त्यातून १ लाख डॉलरवर रक्कम उभी राहिली आणि २८ ऑक्टोबर १८८६ ला अनावरण झालं. पोराटोरांनी साठवलेली नाणी आहेत त्या दगडांत. गणपतीची, शाळेच्या खोलीची वर्गणी गोळा करत ज्यांचं आयुष्य गेलं, त्या आपल्या माणसांना हे ऐकून हात लावावासा वाटतोच. आम्ही लावला.

जाणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा. चौथऱ्याचं तिकीट आधी काढावं लागतं. तिथंवर लिफ्ट आहे. मुकुटापर्यंत मात्र नाही, पुढे १६२ अरुंद पायऱ्या आहेत, गुडघे दुखत असतील त्यांनी त्या फंदात पडू नये. बोटीवर वारं झोंबतं, शाल हाताशी असू द्या. बोटीत चढण्याआधी विमानतळासारखी झडती होते, त्यात वेळ जातो. म्हणून सकाळची पहिली बोट धरा, दुपारी निघालात तर दोन्ही बेटं नीट बघून होत नाहीत.