मागाशेजारची अंगणवाडी

सोलापूरच्या पूर्व भागातील ही गल्ली सकाळी दहाच्या आतच यंत्रमागांच्या आवाजाने भरून जाते. टेरी टॉवेलसाठी दोन प्रकारचे उभे धागे लागतात, एक ताणलेला आणि एक मुद्दाम सैल सोडलेला. तीन आडवे धागे पडले की फणी ते एकत्र पुढे ठोकते आणि सैल धाग्याचे फासे वर उठतात. टॉवेलचा मऊपणा तो हाच. या घर्षणात सुताचे तंतू आणि सुतावर चढवलेली खळ सतत झडत राहते. तुळईवर, पंख्याच्या पात्यांवर आणि कामगारांच्या भुवयांवर साचलेला हा पांढरा थर त्यांचाच आहे.

याच भिंतीपलीकडे अंगणवाडी भरते. आवाज आणि तंतू आत येऊ नयेत म्हणून मागांकडची खिडकी लावलेली असते, आणि खोलीला दुसरी खिडकी नाही. कोरड्या केरसुणीने केर काढताच पत्र्याच्या भोकातून आलेल्या कवडशात धूळ तरंगू लागते. मात्र जी दिसते तिच्यापेक्षा न दिसणारी धूळ अधिक घातक असते: प्रार्थनेच्या वेळी लावलेल्या उदबत्तीच्या धुरात २.५ मायक्रॉनहून लहान, केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याहूनही बारीक कण असतात आणि ते फुप्फुसांत खोलवर पोहोचतात. जमिनीलगत बसणारी ही मुले मोठ्यांपेक्षा जलद श्वास घेतात. वारंवार खोकला, दम्याचा त्रास आणि फुप्फुसांची अपुरी वाढ हे याचे परिणाम संभवतात.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात सोलापूरचा समावेश आहे. त्यासाठी हवा मोजली जाते ती मोकळ्यावरची. मुले ज्या खोलीत बसतात तिथली नव्हे, आणि आमच्या मते मोजणी तिथूनच सुरू व्हायला हवी होती.

मदतनीस ताई आता ओल्या फडक्याने फरशी पुसत आहेत, उदबत्ती त्यांनी बाहेर तुळशीपाशी नेऊन लावली आहे. मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असतो. बंद खोलीत मुलांच्या श्वासातून बाहेर पडणारा हा वायू साचत जातो; तो मोजण्यासाठी खोलीत ठेवलेल्या मीटरवरचा आकडा मुले जमल्यापासून त्यापुढे चढत गेला आहे. समोरच्या, मागांपासून दूर असलेल्या भिंतीत उंचावर जाळीची नवी खिडकी बसवणे हे गवंड्याचे काम आहे, आणि ते तातडीने व्हायला हवे.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत माग थांबतात. सेविका खिडकी उघडतात, मुले खिचडी खात असताना आकडा खाली येऊ लागतो. सुट्टी संपताच माग सुरू होतात आणि खिडकी पुन्हा लावली जाते.