टोचन करण्याआधी: बोटीच्या ट्रेलरचे ब्रेक

बसा मंडळी, मागे खुर्च्या आहेत अजून. सुरुवातीलाच विचारतो, ट्रेलरच्या मास्टर सिलेंडरचं, म्हणजे ब्रेकचं ऑइल दाबणाऱ्या नळकांड्याचं झाकण उघडून आत डोकावलंय असे कितीजण आहेत इथे? हां, दोन-तीन हात दिसतायत. म्हणजे बोटीचं इंजिन, प्लग, पंखा सगळं चकाचक आणि ट्रेलर बिचारा वर्षभर निंबाखाली उभा, आणि सुट्ट्या लागल्या की तोच ट्रेलर इंदूरहून थेट नर्मदेच्या धरणाकाठी हनुवंतियाला निघणार, मध्ये सिमरोलच्या पुढे भेरूघाटाचा उतार आहे याचा कोणाला पत्ताच नाही.

गाडीचे ब्रेक ढिले झाले की पायाला लगेच कळतं, पेडल खाली जातं. ट्रेलरच्या ब्रेकला पेडलच नाही हो! बोटीच्या ट्रेलरला बहुतेक करून सर्ज ब्रेक असतो, काही लोक ओव्हररन म्हणतात. तुम्ही गाडीचा ब्रेक दाबला की मागचं वजन पुढे ढकलतं, कपलर, म्हणजे ट्रेलरचा गाडीच्या हुकला जोडलेला भाग, आत सरकतो, त्यातला दांडा मास्टर सिलेंडर दाबतो आणि ऑइलचं प्रेशर चाकांपर्यंत जातं. सगळं आपोआप. त्यामुळे तो चालतोय की नाही हे ड्रायव्हरला कळतच नाही, गाडी थोडी जास्त धावून थांबते आणि आपण म्हणतो वजन आहे ना मागे. म्हणून निघायच्या आधी उभ्या गाडीलाच विचारून घ्यायचं, रस्त्यावर विचारायला गेलात तर उत्तर महाग पडतं.

विचारायचं कसं? जॅकवर एक चाक उचला, खाली स्टँड लावा, बाकीच्या चाकांना गुटके. चाक पुढच्या दिशेने फिरवा आणि दुसऱ्या माणसाला कपलरचा दांडा आत दाबायला सांगा, बऱ्याच मॉडेलमध्ये त्यासाठी भोक दिलेलं असतं, मोठा स्क्रूड्रायव्हर जातो त्यात. चाक जागच्या जागी थांबलं पाहिजे, सोडलं की परत मोकळं. थांबलंच नाही तर ड्रम ब्रेकचे लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या, अॅडजस्ट करायचे आहेत किंवा लाइनमध्ये हवा आहे. सुटलंच नाही तर आत काहीतरी गंजून चिकटलंय. डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणाऱ्या भागाच्या, पिना बघा, पाण्यात बुडून बुडून त्याच आधी जाम होतात. हे प्रत्येक चाकाला करायचं, एकावर समाधान मानून चहा प्यायला जायचं नाही.

आता ऑइल. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, आणि इथे तर ट्रेलर स्वतःच पाण्यात उतरतो. डॉट ३ दर्जाचं नवं ऑइल साधारण 205 अंश सेल्सियसच्या पुढे उकळतं, ओल ओढलेलं 140 लाच उकळू शकतं. उकळलं की लाइनमध्ये वाफ होते, वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही. काळपट दिसलं तर सगळं काढून नवं भरा, हवा काढताना मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, आणि अर्धा उघडा पडलेला जुना डबा कृपा करून वापरू नका, तोही ओलच पितो.

घाटाचं मुद्दाम सांगतो कारण इथे भलेभले हुशार लोक फसतात. खालचा गिअर टाकून उतरायचं हे बरोबरच आहे, पण इंजिनाने गाडी धरली की मागचा ट्रेलर ढकलत राहतो, म्हणजे सर्ज ब्रेक हलका हलका लागूनच असतो, अख्खा घाट! ड्रम तापत जातो. म्हणून आधीच हळू उतरा, आणि मध्ये जागा बघून बाजूला घेऊन हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, बघा. उलट्या हाताने जवळून अंदाज घ्यायचा, हात टेकवू नका, भाजेल. एक चाक खूप तापलेलं, दुसरं अगदी गार असेल तर गार असलेलं काम करत नाहीये असं समजा, आपल्याला उलटंच वाटतं.

(एक श्रोता: काका, रिव्हर्स घेताना ट्रेलर अडकतो, वेल्डरने कपलरमध्ये बोल्ट टाकून दिलाय, चालेल?)

अरे बाबा, मग पुढे जातानाही ब्रेक लागणार नाही ना, ट्रेलर बिनब्रेकचा झाला तुझा! मागे घेताना कपलर दबतो म्हणून ब्रेक लागतात, हे बरोबर. त्यासाठी काही ड्रम ब्रेक असे बनवतात की उलट्या दिशेत ते सैल राहतात, आणि डिस्कवाल्यांमध्ये रिव्हर्स लाइटच्या वायरवर एक व्हाल्व बसवतात जो ऑइल अडवतो. तुझ्याकडे दोन्ही नसेल तर बसवून घे. तो बोल्ट आजच काढ.

ब्रेकअवे केबलही बघा. ट्रेलर सुटला तर ती ताणली जाऊन ब्रेक ओढते, म्हणून ती गाडीच्या फ्रेमला लावायची, हुकच्या बॉलला गुंडाळायची नाही, बॉल निघाला तर ती पण जाते. वळणाला पुरेल इतकी ढील ठेवा, नाहीतर तेजाजी नगरच्या चौराह्यावर वळताना ओढली जाईल आणि ब्रेक लागलेलाच राहील, पुढे धूर निघेपर्यंत कळणार नाही. सेफ्टीच्या साखळ्या कपलरच्या खाली क्रॉस करून लावा.

आणि पाण्याजवळ पोचलात की लगेच ट्रेलर खाली सोडू नका, मुलं कितीही उड्या मारोत. गरम हब गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचलं जातं, बेअरिंगचं ग्रीस गेलंच मग. थोडं थांबा, पोहे खा, हब गार होऊ दे. परतल्यावर ड्रम-कॅलिपर गोड्या पाण्याने धुवा, नर्मदेचा गाळ आत वाळतो. ट्रेलर लावून ठेवताना ओल्या ड्रमवर पार्किंग ब्रेक ओढून जाऊ नका, लायनर चिकटतात, चाकांना लाकडी गुटके पुरे.